दादाची वेलांटी

३ फेब्रुवारी, मंगळवार

नवी वही काढली. जुनीत अजून पंधरा पानं कोरी आहेत, पण तिच्यात माझे एक ते चाळीस प्रयोग आहेत. एक्केचाळिसावा त्यांच्या पंगतीला बसणारा नाही.

आधी नोंद नीट करतो. वय बावन्न. धंदा झेरॉक्स मशीन दुरुस्तीचा, सत्तावीस वर्षं. प्रोग्रामिंग चार वर्षांपासून, कुणाच्याही शिकवणीशिवाय. आजवर केलेलं थोडक्यात : खिडकीच्या गजांची सावली तासातासाने कागदावर काढणारा प्रोग्राम, मशीनच्या घरघरीवरून चित्र काढणारा प्रोग्राम, आणि दारावरची घंटा वाजवणाऱ्याच्या घाईप्रमाणे सूर बदलणारा प्रोग्राम. हा तिसरा हिने दोन दिवसांत बंद करायला लावला. उपयोग काय, असं लोक विचारतात. मी म्हणतो, चालतो हाच उपयोग. पण खरं लिहायचं तर ते उत्तर मलाही हल्ली पुरत नाही.

परवा रविवारी दादाकडे गेलो होतो. वहिनींनी मला भरून चहा दिला आणि दादाला अर्धा कप. मी थट्टेने म्हटलं, वहिनी, घरच्या माणसावर काटकसर? कुणीच हसलं नाही. नंतर स्वयंपाकघरात त्यांनी हळू आवाजात सांगितलं. दादाचा उजवा हात दीड वर्षापासून थरथरतो. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण ही थरथर आता सोबतीलाच राहणार.

दादा म्हणजे पाट्या रंगवणारा. चाळीस वर्षं. या भागातली निम्मी दुकानं त्याच्या हाताने बोलतात. नाक्यावरच्या बेकरीच्या भिंतीवरची अक्षरं त्याचीच, तीस वर्षांपूर्वीची. त्यातल्या 'बेकरी'च्या शेवटच्या वेलांटीपुढे लोक थांबलेले मी पाहिले आहेत. आता त्या भिंतीचं प्लास्टर नवं होणार, अक्षरं जाणार. बेकरीवाल्या बाई घरी येऊन म्हणाल्या, पुन्हा तुम्हीच काढा. हा म्हणाला, हौस राहिली नाही. बाईंनी महिनाअखेरपर्यंत वाट बघते म्हटलं आहे, नाहीतर एक मार्चला फ्लेक्स लागेल. वहिनी म्हणाल्या, भावजी, त्या दिवसापासून हे त्या रस्त्याने जातच नाहीत, भाजीला लांबून वळसा घालून जातात.

हातातली थरथर काढायची. औषधाने नव्हे, प्रोग्रामने. हात दादाचाच चालेल, ब्रश यंत्र धरेल, आणि मध्ये माझा प्रोग्राम बसून थरथर तेवढी चाळून टाकेल. हातात पंचवीस दिवस.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सांगाडा झाला. कपाटाच्या सरकत्या दाराच्या दोन पट्ट्या, आठ फुटांच्या, आणि त्यांवर चाकांनी धावणारी ब्रशची गाडी. भंगारात काढलेल्या झेरॉक्स मशीनच्या चार मोटरी : एक आडवी धावायला, एक वरखाली, एक ब्रश दाबायला, एक तो फिरवायला. एका छोट्या फळीवर मूठ. ती मूठ वीतभर हलवली की भिंतीवर ब्रश चार वीत हलतो. मोजून पाहिलं, चार नव्हे, तीन पूर्णांक शहाण्णव. दुरुस्त केलं.

ही दारात उभी राहून पाच मिनिटं बघत होती. म्हणाली, आडवाच चालतोय, खेकडा दिसतो अगदी. नाव पडलं.

८ फेब्रुवारी, रविवार

आज मी एक लबाडी केली. कारण चांगलं होतं, म्हणून पश्चात्ताप नाही.

दादाच्या थरथरीची नोंद हवी होती, आणि थरथर हा शब्द त्याच्यासमोर काढायची कुणाची छाती नाही. म्हणून एक खेळ लिहिला. पडद्यावर तळं, तळ्यात एक पान, मुठीने ते पान काठाला न्यायचं. दादाला सांगितलं, नवा खेळ केला आहे, जरा खेळून दोष काढ. दोष काढायला बोलावलं की तो कुठूनही येतो. तो बारा मिनिटं खेळला आणि प्रोग्राम पाठीमागे सेकंदाला शंभरदा त्याच्या हाताची जागा टिपत राहिला. बहात्तर हजार ओळी. त्याला पत्ताही लागला नाही.

थरथर सेकंदाला पाच पूर्णांक सहा वेळा. घड्याळासारखी.

जाताना म्हणाला, उद्या डाव्या हाताने खेळू का? तुलनेला बरं पडेल. मी म्हटलं, खेळ, तुझी मर्जी. माझ्या खेळाची त्याला गोडी लागली याचा आनंद झाला.

११ फेब्रुवारी, बुधवार

दादा रोज चारला येतो. आधी खेळतो, मग दोष काढतो. पानाचा रंग पानासारखा नाही, पाणी फार निळं आहे. आज त्याने वेगळंच काढलं. म्हणाला, आज उभ्याने खेळतो, मनगट काठीवर टेकवून. पाटी रंगवताना तो एक काठी भिंतीला आडवी लावून तिच्यावर मनगट टेकवतो, तीच काठी घरून घेऊन आला होता. मी म्हटलं, तळ्यातलं पान हलवायला काठी कशाला? म्हणाला, सवय. म्हातारपणी माणसं विक्षिप्त होतात ती अशी. पण खेळू दिलं. नोंद जास्त झाली तर बिघडत नाही.

वहिनींचा फोन आला होता. दादा हल्ली साडेतीनलाच भांग पाडून तयार असतो म्हणे. एका साध्या खेळाची माणसाला एवढी चटक लागावी, हे त्या खेळाच्या कर्त्याला भूषणच आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

जमलं. सेकंदाला चारपेक्षा जास्त वेळा जे जे हलतं ते सगळं काढून टाकायचं, असा नियम घातला. दादाच्या रविवारच्या नोंदीवर चालवून पाहिला. आधीची रेघ करवतीच्या दात्यांसारखी, नंतरची मांजा ताणल्यासारखी. शेजारी शेजारी छापून हिला दाखवल्या. ती म्हणाली, दुसरी छान आहे, पण ही पहिली भावजींची वाटते. ती दादाला भावजी म्हणते, थोरला असूनही. लग्नात चुकून म्हणाली ते तसंच राहिलं. तिच्या बोलण्यात तसा अर्थ नव्हता. यश डोळ्यांसमोर असताना बायका जुन्याचं कौतुक करतात.

उद्या दादाला सगळं उलगडून सांगणार. त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल.

१५ फेब्रुवारी, रविवार

चेहरा बघण्यासारखा झाला नाही. मी खेकड्यावरची चादर ओढली, बेत सांगितला, खेळामागची लबाडीही कबूल केली. तो म्हणाला, बरं. आणि शर्टाच्या खिशातून स्वतःचा अर्ध्या इंची ब्रश काढला. योगायोगाने जवळ होता.

रंगवलेल्या फळीवर त्याने पहिलं अक्षर काढलं. थरथर नावाला नाही. मी टाळी वाजवणार होतो, तेवढ्यात तो म्हणाला, माझा हात पुढे जातो आणि ब्रश मागून येतो, वरातीमागून घोडं. ते खरं आहे. चाळायला प्रोग्रामला पाव सेकंद लागतो. मी म्हटलं, सवय होईल. मग त्याने 'री' घेतला. वेलांटी वरून उतरताना तो शेवटी बोटांत ब्रश फिरवून एक झटका देतो. इथे झटका उमटलाच नाही. टोक बोथट, वळण पाइपाच्या बाकासारखं.

तो वाकून टोकाजवळ गेला. मग म्हणाला, "धाकट्या, स्वच्छ आहे रे. पण स्वच्छ तर धुतलेला मुडदाही असतो."

चार वर्षं एकट्याने शिकलो, कुणाचं बोट धरलं नाही, आणि हे ऐकायचं? माझ्या तोंडून गेलं, "हात तुझा थरथरतो, आणि मुडदा माझा प्रोग्राम?"

त्याने ब्रश टर्पेंटाइनमध्ये तीनदा धुतला, नेहमी धुतो तसा, केसाला केस लावून. धुताना ब्रश डबीच्या काठाला लागून टिकटिक वाजत होता. मग गेला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

लिहिण्यासारखं काही नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दादा तीन दिवसांत आला नाही. चार वाजले की मी उगीच दाराकडे बघतो.

काल कामावर एका ऑफिसात मशीन उघडलं आणि तासभर चुकीचाच रोलर पुसत बसलो. मनात सारखं येतं की एक ते चाळीस हे सगळे खेळच होते आणि मी त्यांना प्रयोग म्हणत आलो. ज्याने मला पहिल्यांदा पेन्सिलीला टोक करायला शिकवलं त्याच्याच हाताला मी नको तो शब्द लावला. वाईट याचं वाटतं की वाक्य बरोबर होतं. बरोबर वाक्याची माफी मागता येत नाही.

आज सकाळी नाश्त्याच्या वेळी हिने विचारलं, अडलंय कुठे. मी सांगितलं. थरथरही जलद आणि दादाचा झटकाही जलद. एक काढायला जावं तर दुसरं जातं. ती पोळी भाजता भाजता म्हणाली, "तुम्ही सव्वीस वर्षं घोरताय. मला आता ते ऐकूही येत नाही. पण एकदा खोकलात की लगेच जाग येते."

मी म्हटलं, आवाजाच्या पट्टीचा फरक असेल. ती म्हणाली, पट्टी नाही, घोरणं रोजचंच आहे.

मी हात न धुता उठलो.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

जलद काय आणि हळू काय, हा प्रश्नच चुकीचा होता. थरथर ठेक्यात येते, पुन्हा पुन्हा तीच. झटका एकदाच येतो. म्हणून प्रोग्रामने वेग बघायचाच नाही. त्याने दादाचा ठेका पाठ करायचा, पुढचा ठोका कधी आणि केवढा पडणार ते आधीच ओळखायचं आणि तेवढाच वजा करायचा. ठेक्यात न बसणारं जे काही येईल ते दादाचं, त्याला हात लावायचा नाही. आधीच ओळखलं की वाट बघावी लागत नाही, म्हणजे वरातीमागचं घोडंही गेलं.

कल्पना मला सुचली. ही म्हणते तिने सांगितली. तिने घोरण्याविषयी सांगितलं होतं, गणिताविषयी नव्हे. तरीही प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत तिचं नाव टाकलं आहे. तिला सांगितलेलं नाही.

आज आणि उद्या कामावर रजा. सत्तावीस वर्षांत तिसरी.

२१ फेब्रुवारी, शनिवार

बसून खेळलेल्या नोंदीवर प्रोग्राम उत्तम चालला आणि उभ्याच्या नोंदीवर पार कोसळला. कारण शोधायला पाच तास गेले. काठीवर मनगट टेकवून उभं राहिलं की दादाची थरथर पाच पूर्णांक सहाची सहा पूर्णांक एक होते, आणि श्वास रोखला की आणखी बदलते. प्रोग्रामला म्हटलं, बाबा रे, ठेका एकदा पाठ करून बसू नकोस, दर क्षणी नव्याने ऐकत जा. मग दोन्ही नोंदींवर चालला.

दादाने त्या दिवशी लहर म्हणून काठी आणली नसती तर हा दोष बेकरीच्या भिंतीवरच निघाला असता. कधीकधी विक्षिप्तपणाचाही उपयोग होतो.

डाव्या हाताच्या नोंदी फार कामाला आल्या. डावा थरथरत नाही. धडधाकट हाताची रेघ कशी असते ते प्रोग्रामला तिथून कळलं. हेही नशीबच.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दादाकडे गेलो. वाटेत माफीची तीन वाक्यं जुळवली होती. दादा खुर्चीत बसला होता, हातात पेन्सिल, समोर कालचं वर्तमानपत्र. शब्दकोडं सोडवत असावा. समासभर नुसत्या वेलांट्या काढून ठेवल्या होत्या, वाकड्यातिकड्या, पन्नासेक तरी. मी आल्यावर त्याने पेपर घडी करून बुडाखाली घातला.

तिन्ही वाक्यं वाटेतच राहिली. मी म्हटलं, "झटका जात नाही आता. येऊन बघ."

तो म्हणाला, "किती वाजता?"

वहिनी आतून म्हणाल्या, किती वाजता काय, शर्ट इस्त्री करून ठेवलाय, आत्ताच जा.

फळी पांढरी करून ठेवली होती. त्याने मूठ धरली आणि दहा सेकंद तसाच थांबला, प्रोग्रामला ठेका ऐकू यावा म्हणून. मी सांगितलेलं नव्हतं. मग 'री'. दांडा सरळ आला. वेलांटी वर गेली, वळली, उतरली आणि शेवटी त्याची बोटं फिरली तसा ब्रशही फिरला. टोक केसासारखं निमुळतं.

दादाने पुन्हा काढला. सात वेळा काढला. सातवा झाल्यावर म्हणाला, ब्रशचा दाब थोडा कमी कर, आणि रंग जाड आहे, मी कालवतो. एवढंच. कौतुकाचा शब्द नाही. पण कालवताना तो गुणगुणत होता, आणि शेवटचं कधी गुणगुणला होता ते मला आठवलं नाही. ही चहा घेऊन आली ती फळी बघून उभीच राहिली. म्हणाली, आता भावजींची वाटते.

२५ फेब्रुवारी, बुधवार

प्लास्टर वाळलं. बेकरीवाल्या बाईंना दादाने स्वतः जाऊन सांगितलं, शनिवारी काढतो. त्या म्हणाल्या, हौस परत आली वाटतं. हा म्हणाला, आली.

पट्ट्यांचे स्क्रू दोनदा तपासले. बारा आहेत. एक पाव फेरी सैल होता.

२८ फेब्रुवारी, शनिवार

घडलं ते क्रमाने लिहितो, नाहीतर घाईत काही सुटेल.

सकाळी सातला खेकडा भिंतीवर चढवला. दादाने रंगाची दोरी ताणून आडव्या रेघा मारल्या. आठपर्यंत पंधरावीस माणसं जमली. फ्लेक्सवालाही आला होता, हात बांधून, उद्याची ऑर्डर आपलीच या खात्रीने. बाई गल्ल्यावरून मान काढून बघत होत्या.

पहिलं अक्षर. दांड्याला बारीक लाटा आल्या. दादाने फडक्याने पुसलं. पुन्हा काढलं, पुन्हा लाटा. मागे कुणीतरी म्हणालं, हात थकलाय बिचाऱ्याचा. पडद्यावर बघितलं तर प्रोग्राम दादाचा ठेका अचूक कापत होता, कुठे चूक नाही. मग लाटा कुठून? फडकं माझ्याही हातात होतं आणि पुसायला काही नव्हतं.

दादाने पंजा भिंतीवर ठेवला. उजवा पंजा, सगळ्यांदेखत. डोळे मिटून थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, "मी नाही रे. भिंत थरथरतेय."

पलीकडे पीठ मळायचं यंत्र चालू होतं. मी स्क्रू मोजले, रंग मोजला, हात मोजला. भिंत मोजायचं माझ्या डोक्यात आलं नाही. प्रोग्राम हात स्थिर करत होता आणि ब्रशखालची जमीनच हलत होती. बाई म्हणाल्या, यंत्र थांबवलं तर दुपारचा पाव चुकेल. दादा म्हणाला, चुकू दे, एक दिवस लोक बिस्किटं खातील. बाईंनी आत जाऊन बटण बंद केलं.

त्यानंतर तो थांबलाच नाही. सव्वादोन तास. मी फक्त रंगाची वाटी बदलत होतो आणि वायर मोकळी धरत होतो. 'बेकरी'च्या 'री'वर आला. दांडा. श्वास. मग वेलांटी : वर, वळली, उतरली आणि झटका. मूठ जेमतेम अर्धी वीत हलली असेल. भिंतीवर हातभर लांब टोक सळकन निघालं, जुन्यापेक्षा चार बोटं लांबच.

बाई बाहेर रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. रस्त्याच्या पलीकडे गेल्या, तिथून बघितलं, परत आल्या आणि यंत्र चालू करायला आत गेल्या. त्यांचे डोळे भरले होते असं ही म्हणते. मी पडद्याकडे बघत होतो.

फ्लेक्सवाला जवळ आला. भिंत बोटाच्या अंतरावरून पाहिली. धंद्यातला माणूस आहे, त्याला कळतं. म्हणाला, मशीनने काम झकास केलं हो.

दादा म्हणाला, "मशीनने नाही. मी काढलं."

मला चिमटा बसला, खोटं कशाला लिहू. चार वर्षं, एक्केचाळीस प्रयोग, तीन रजा, आणि माझं नाव नाही. दोन पावलं बाजूला झालो, वायर गुंडाळायला लागलो. गुंडाळता गुंडाळता भिंतीकडे बघितलं. कुठे खेकडा दिसतो का, कुठे प्रोग्राम दिसतो का, हे शोधलं. वितावितावर शोधलं. कुठेच दिसला नाही. सगळीकडे दादाच होता.

असा प्रोग्राम मी दुसऱ्या कुणी लिहिलेला पाहिलेला नाही. वायर मी नीट, सारख्या वेटोळ्यांत गुंडाळली.

१ मार्च, रविवार

सकाळी आठला दादा हजर. हातात कागद, कागदावर आकडे. मला न विचारता त्याने शाळेच्या कुंपणाची भिंत घेतली आहे. चाळीस फूट, दोन ओळी, आणि टोकाला वेलबुट्टी. मी स्पष्ट सांगितलं की खेकडा आठ फूट चालतो, चाळीस फुटांची पट्टी बाजारात मिळत नाही, पाच तुकडे जोडावे लागतील, आणि प्रत्येक जोडावर गाडी अडखळून अक्षर तुटेल. शिवाय काम घेण्याआधी ज्याचं यंत्र त्याला विचारायची पद्धत असते.

तो खुर्ची ओढून बसला, हिच्याकडे चहा मागितला, भरून, आणि म्हणाला, "अडखळतं ते तू बघ. अक्षर मी बघतो. बुधवारी सुरू करतो म्हणून सांगितलंय त्यांना."

बुधवार म्हणजे तीन दिवस. माणसाला काही हिशोब आहे की नाही.

जोड सरळ न कापता तिरका कापला, तर गाडीचं चाक एकदम खाचेत पडणार नाही. जुन्या पट्टीवरून नव्या पट्टीवर हळूहळू उतरेल. कोन पंधरा अंशांचा हवा. करवत दादाने धरली आहे, पट्टी मी दाबून धरायची आहे. तो हाका मारतोय.